२ मायक्रॉन, ४० सेकंद

(जुनी कृष्णधवल फिल्म. गोल पेशींच्या गर्दीतून एक पेशी वाट काढते आहे.)

ही फिल्म १९५०च्या दशकातली. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी सूक्ष्मदर्शकातून टिपलेली. या ज्या गोल, स्वस्थ पडून आहेत, त्या रक्तातल्या तांबड्या पेशी. त्यांच्यामधून घुसत निघालेली, क्षणाक्षणाला आकार बदलणारी पेशी म्हणजे न्यूट्रोफिल, पांढऱ्या पेशींपैकी एक. तिच्या पुढे जो बारीक ठिपका दिसतोय तो जिवाणू. तो वळला की ही वळते. मध्ये तांबडी पेशी आली तर तिला ढुशी देऊन पुढे सरकते. आणि शेवटी त्याला गिळून टाकते.

पाहताना वाटतं की जिवाणू जीव घेऊन पळतोय. तसं काही नाही. हा स्टॅफिलोकॉकस, याला पोहता येत नाही. तो नुसता हेलकावतो. पळणारी एकच आहे, ती पाठलाग करणारी.

तिला डोळे नाहीत, स्नायू नाहीत. तरीही आपली पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, यात तिची गफलत होत नाही. पुढची कड बाहेर ढकलली जाते, मागची आखडून घेतली जाते, आणि दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात. ही वाटणी करतं कोण?

(पेशीच्या आतलं दृश्य. उजळ तंतूंचं जाळं.)

पेशीला सांगाडा असतो. शब्द जरा फसवा आहे, कारण सांगाडा म्हटलं की हाडं डोळ्यांपुढे येतात. हा सांगाडा मात्र दर मिनिटाला मोडतो आणि नव्याने उभा राहतो. यातला जो भाग आज आपल्या कामाचा आहे तो ॲक्टिन या प्रथिनाचा: जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू. पुढच्या कडेला या तंतूंना फांद्या फुटतात, फांदीला फांदी, सुमारे ७० अंशांच्या कोनात, आणि त्या दाटीचा रेटा पेशीपटलाला पुढे लोटतो. मागच्या बाजूला तंतू एकमेकांना समांतर, जुड्या करून राहतात. त्यांच्यामध्ये मायोसिन हे दुसरं प्रथिन शिरतं आणि त्यांना खेचून आखडतं. स्नायूत हेच होतं, तिथे फक्त शिस्त जास्त.

म्हणजे माल तोच. कुठे फांद्या फोडायच्या आणि कुठे जुड्या बांधायच्या, हा हुकूम वेगळा. हुकूम देणारी प्रथिनं ऱ्हो कुळातली. माणसात या कुळात सुमारे वीस सदस्य आहेत. त्यांतले तिघे सगळ्यांत जास्त अभ्यासले गेले: ऱ्होए, रॅक१ आणि सीडीसी४२. पहिल्या दोघांना आपण नुसतं ऱ्हो आणि रॅक म्हणू. या कुळाचं पहिलं जनुक १९८५ साली सापडलं ते ॲप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीत. शोधणाऱ्यांपैकी एक होते रिचर्ड ॲक्सेल. त्यांना पुढे २००४ मध्ये नोबेल मिळालं, पण ते वासाच्या संवेदनेवरच्या कामासाठी.

ही प्रथिनं बटणासारखी चालतात. पोटात जीटीपी हा रेणू असला की चालू, जीडीपी असला की बंद. (अर्थशास्त्रातल्या जीडीपीशी याचा संबंध नाही, हा बिचारा फॉस्फेटचा एक तुकडा गमावलेला जीटीपी.) बटण दाबणारी प्रथिनं वेगळी, त्यांना जेफ म्हणतात. विझवणारी वेगळी, ती गॅप. या दोन्ही प्रकारांची मिळून संख्या दीडशेच्या आसपास आहे. वीस बटणं आणि त्यांच्यावर दीडशे हात! तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, की खरी गोष्ट बटणांची नसून हातांची आहे.

(काचेची अतिसूक्ष्म सुई एका पसरट पेशीत शिरते.)

पण आधी बटणं समजून घ्यावी लागली. १९९२ साली लंडनमध्ये ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी उंदराच्या पेशी घेतल्या, त्यांचं पोषक द्रव काढून घेऊन त्यांना शांत केलं, आणि सुईने एकेका पेशीत चालू अवस्थेतलं प्रथिन टोचलं. ऱ्हो टोचलं तर पेशीत ॲक्टिनच्या जाडजूड दोऱ्या ताणल्या गेल्या. रॅक टोचलं तर कडेला झालरी फुटल्या. १९९५ मध्ये कॅथरीन नोब्स आणि हॉल यांनी सीडीसी४२ची पाळी लावली, तेव्हा पेशीने बोटांसारखे बारीक काटे बाहेर काढले.

तीन प्रथिनं, तीन आकार. ऱ्हो म्हणजे आखडणं, रॅक म्हणजे पसरणं, सीडीसी४२ म्हणजे चाचपणं. प्रयोग अप्रतिम होते आणि त्यांचे निष्कर्ष आजही उभे आहेत. तरी या मांडणीत एक मेख होती. सुईने टोचलेलं प्रथिन अख्ख्या पेशीत पसरतं आणि बराच वेळ चालूच राहतं. जिवंत पेशी मात्र तेच प्रथिन कडेच्या एका चिमटीएवढ्या जागेत, काही सेकंदांपुरतं वापरते. पूर आला की पाणी काय करतं हे आपल्याला कळलं होतं. पाटाने पाणी कसं फिरवलं जातं, ते पाहायचं राहिलं होतं.

त्यासाठी बटण चालू होताना दिसायला हवं. इथे मदतीला आली जेलीफिश. १९६२ साली ओसामु शिमोमुरा यांना तिच्यात हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं होतं. पुढे त्याचे वेगवेगळ्या रंगांचे प्रकार तयार झाले. त्यांतला एक निळसर, एक पिवळा घ्यायचा आणि ऱ्होला अशा रीतीने जोडायचा, की ऱ्हो चालू झालं की दोघं एकमेकांच्या जवळ यावेत. अंतर १० नॅनोमीटरच्या आत आलं, की निळ्याला दिलेली ऊर्जा पिवळ्याकडे जाते. निळा मंदावतो, पिवळा उजळतो. रंगांचं हे गुणोत्तर मोजलं, की ऱ्हो कुठे आणि कधी चालू झालं ते कळतं.

(पेशीची सरकती कड. कडेवर उजळ पट्टा.)

२००६ मध्ये ऑलिव्हिए पर्ट्झ, क्लाऊस हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्होएचा असा संवेदक पेशीत सोडला. आखडणारं प्रथिन ते, दिसायला हवं मागे. तिथे ते होतंच. पण ते पुढच्या कडेवरही लखलखत होतं, अगदी टोकाला, जिथे पेशी पसरत होती तिथे.

आता प्रश्न असा: पुढे रॅकही आहे, सीडीसी४२ही आहे, आणि हा ऱ्होही. मग पहिलं कोण? तिन्ही संवेदक एका पेशीत घातले की झालं, असं वाटेल. पण एका संवेदकालाच दोन रंग लागतात. तिघांचे सहा, आणि ते एकमेकांत इतके मिसळतात, की वेगळे काढता येत नाहीत.

२००९ साली माटियास माखाचेक, हान आणि गॉडेन्झ डानुसर यांच्या गटाने यातून जी वाट काढली, ती मला संपूर्ण कथेतली सर्वांत हुशार चाल वाटते. उंदराच्या गर्भातल्या पेशींमध्ये काही वेळा त्यांनी दोन संवेदक एकत्र पाहिले. पण मुख्य युक्ती निराळी होती. रॅक एका पेशीत पाहायचं, ऱ्हो दुसरीत, सीडीसी४२ तिसरीत. मग वेगवेगळ्या पेशींची घड्याळं जुळवायची कशी? तर पेशीची कड हेच घड्याळ धरायचं. कड प्रत्येक पेशीत पुढे सरकते आणि मागे येते. कड पुढे झेपावण्याच्या क्षणापासून वेळ मोजली आणि कडेपासून आतलं अंतर मोजलं, की तिघांच्या नोंदी एकाच तक्त्यावर येतात.

तक्ता स्पष्ट होता. ऱ्होए अगदी कडेवर, कड पुढे सरकते त्याच क्षणी चालू होतं. रॅक१ आणि सीडीसी४२ त्याच्या मागे २ मायक्रॉनवर, ४० सेकंद उशिरा.

२ मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा तिसावा-चाळिसावा भाग. तेवढ्या अंतरात पेशीने सीमारेषा आखलेली असते. झेप घेताना पुढाकार ऱ्होचा. झेपेने मिळवलेली जागा पक्की करण्याचं काम नंतर आलेल्या रॅक आणि सीडीसी४२चं. पसरण्याचं श्रेय इतकी वर्षं ज्याला दिलं जात होतं, तो मागाहून येत होता.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसंच ऱ्हो आणि रॅकचं आहे. ऱ्होच्या हुकमाने रॉक नावाचं विकर जागं होतं, ते फिलगॅप या प्रथिनाला चेतवतं, आणि फिलगॅप रॅकला विझवतं. उलट बाजूने रॅकमुळे तयार होणारे क्रियाशील ऑक्सिजन रेणू, एका साखळीतून, ऱ्होला विझवणाऱ्या गॅपला मोकळं करतात. जिथे एकाचा जोर होतो, तिथून दुसरा हटतो. म्हणून वरून कुणी सीमा आखून द्यावी लागत नाही, ती त्या झटापटीतूनच उमटते.

आणखी एक हिशोब आहे, पडद्यामागचा. ऱ्हो कुळातल्या प्रथिनांना चरबीची शेपटी असते. ती पेशीपटलात रुतली, तरच त्यांना काम करता येतं. जीडीआय नावाची प्रथिनं ही शेपटी आपल्या खोबणीत दडवून त्यांना पेशीद्रवात ठेवून घेतात. माणसात जीडीआयचे प्रकार तीनच, आणि जागा मोजक्या. बाहेरून या कुळातल्या एकाची भरती केली, की बाकीचे या खोबणीतून बाहेर फेकले जातात आणि पेशी त्यांची विल्हेवाट लावते. म्हणजे एकाला वाढवताना नकळत दुसऱ्याला मारलं जातं. जुन्या प्रयोगांचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

(बेडकाचं अंड. लेझरचा ठिपका. काळं भोक, त्याभोवती दोन रंगीत वलयं.)

हे दृश्य बेडकाच्या अंडपेशीचं. अमेरिकेतल्या विल्यम बेमेंट यांच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये अशा पेशीला लेझरने जखम केली आणि पाहिलं. जखमेभोवती दोन वलयं उमटतात. आतलं ऱ्होचं, बाहेरचं सीडीसी४२चं. एकात एक, पण एकमेकांत न मिसळणारी. दोन्ही जखमेबरोबर आत सरकत जातात आणि भोक मिटतं. २०११ मध्ये या वेगळेपणामागचं एक प्रथिन सापडलं: एबीआर. त्याच्या एका भागात जेफचं काम आहे, ते ऱ्होला चालू ठेवतं. दुसऱ्या भागात गॅपचं, ते सीडीसी४२ला आतल्या वलयातून हुसकतं. एकाच रेणूच्या एका हातात दिवा आणि दुसऱ्यात फुंकर.

या बटणांची किंमत जिवाणूंना आपल्या आधी कळली. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा आतड्याला पिडणारा जिवाणू आपल्या विषाने ऱ्हो कुळातल्या प्रथिनांना साखरेचा एक रेणू चिकटवतो. बटण बंद पडतं, ॲक्टिनचा सांगाडा कोसळतो, पसरलेली पेशी गोळा होऊन बसते.

माणसाला बटण हवं तिथे दाबता आलं ते २००९ मध्ये. यी वू आणि हान यांनी ओटच्या रोपातला, प्रकाशाला प्रतिसाद देणारा प्रथिनाचा तुकडा रॅकला झाकणासारखा जोडला. अंधारात झाकण बंद. निळा प्रकाश पडला की उघडं.

(अंधारात एक पेशी. तिच्या उजव्या कडेवर निळा ठिपका.)

आता पाहा. ठिपका जिथे आहे तिथेच झालर फुटते आहे. त्याच जागी ऱ्होचा संवेदक मंदावला; रॅक त्याला दाबतं हे जिवंत पेशीत असं दिसलं. ठिपका डावीकडे नेला. थोडा वेळ काहीच होत नाही. मग डावी कड उचलली जाते, आणि पेशी वळते.

(निळा ठिपका विझतो. झालर हळूहळू मावळते.)