भोकाचा पैसा

सोलापूरकर श्रोतेहो, नमस्कार.

हुरड्याचे दिवस आले की मला आजी आठवते. मोहोळ तालुक्यातली, दुसऱ्यांच्या रानात रोजानं जाणारी. जन्मात तिनं पाटी हातात धरली नाही, तरी मी तिला लेखिका म्हणते. घरात त्यावरून अजून वाद होतो.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला आणि तिकडचा तांदूळ थांबला. आमच्याकडे भात सणासुदीलाच, त्याचं कुणाला काय! पण त्यामागोमाग ज्वारीही महागली. रॉकेल तर दिसेनासं झालं. ‘जात्याला कुठं दिवा लागतो?’ आजी म्हणायची. पहाटे अंधारातच दळण, आणि तिथंच ओवी जुळायची.

दिवसा मालदांडीची काढणी. आमच्याकडे ही ज्वारी मुळासकट उपटतात. कोरड्या थंडीत तळहाताला चिरा पडत, रात्री त्यांत करडईचं तेल जिरवायचं. मजुरी पेंढ्यांवर. कुणी रोख देऊ केली तर बाया नको म्हणत. अडाणी खऱ्या, पण पैसा उतरतोय नि कणीस चढतंय, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

१९४३ मध्ये तांबं वाचवायला सरकारनं मधोमध भोक असलेला पैसा काढला. आजीनं त्यावर जोडलं:

सरकारच्या पैशाला, मदी पाडलं ग भोक
लढाईला गेला, माझ्या मावशीचा ल्योक

तो ल्योक परत आला का, असं विचारलं की ती जात्याचा खुंटा ठोकायला घ्यायची.

त्याच वर्षी इंग्लंडातल्या महिला भूसेनेत, म्हणजे लढाईत नव्हे तर शेतात राबणाऱ्या दलात, ८० हजारांवर बायका होत्या. गडीमाणसं सैन्यात जाणार, म्हणून १९३९ साली ही सेना पुन्हा उभी केली होती. धारा काढायच्या, बटाटे काढायचे, ट्रॅक्टर हाकायचा. गणवेश मिळे, मजुरी मात्र पुरुषांपेक्षा कमी. तेवढं इथलंतिथलं सारखंच म्हणायचं! त्यांतल्या कितीजणींनी आठवणी लिहिल्या, त्या छापूनही आल्या. आपल्याकडे पुढे अभ्यासकांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या. आजीच्या दारात कुणी पोचलं नाही.

माझ्यापाशी तिच्या सतरा आहेत. अकरावीच्या सुट्टीत वहीत उतरवल्या. शहाणपणा करून मी ‘मदी’चं ‘मध्ये’ केलं, ‘ल्योक’चा ‘लेक’ केला, आणि ऐटीत वाचून दाखवलं.

‘ही कुणाची? माझी न्हाय.’

‘आजी, तुझीच. फक्त शुद्ध केली.’

‘बस जात्यावर. म्हनून दाव.’

बसले. खुंटा धरला, म्हणायला लागले. ‘मध्ये’पाशी फेरा अडला, दाणे पाळीतच राहिले. आजी पदरात तोंड खुपसून हसत होती.

वही अजून आहे. त्या दोन शब्दांवर आडव्या रेघा आहेत, आणि वर माझ्याच अक्षरात तिचे शब्द.