आदल्या संध्याकाळचं काम

(पहाट. शेडचं दार अर्धवट उघडं. बिजागऱ्यांवर दंव.)

तापमान उणे ३०. या थंडीत उघडा हात लोखंडाला लावला तर कातडी चिकटून बसते. शेडमध्ये दोन यंत्रं आहेत. एक दोरीनं चालू होणारा पेट्रोलचा जनरेटर आणि एक छोटा डिझेल ट्रॅक्टर. काल दोन्ही धडधाकट होती. रात्रीत कशालाही काही झालेलं नाही, तरी आत्ता यातलं एकही चालू होणार नाही.

(जनरेटरची दोरी ओढली जाते. अर्ध्यावर अडते.)

दोरी जड लागते ती ऑइलमुळे. उन्हाळ्यात भरलेलं साधं एसएई ३० ऑइल आता इतकं घट्ट झालंय की पिस्टन आणि क्रँकशाफ्ट त्यात रुतून बसलेत. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काहीतरी छापलेलं असतं. हा ५ म्हणजे तापमान, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. थंड इंजिन फिरवताना ऑइल किती अडवतं, याची चाचणी १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांना घेतात, ५डब्ल्यूसाठी उणे ३० ला आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ ला. आजच्या सकाळी ५डब्ल्यूही आपल्या हद्दीच्या टोकावर उभं आहे.

(ट्रॅक्टर. किल्ली फिरते. सेल्फ एकदा कण्हतो आणि गप्प होतो.)

इथे बॅटरीचं दुखणं. उणे १८ अंशांना शिशाची बॅटरी तिच्या नेहमीच्या ताकदीच्या जेमतेम निम्मी ताकद देते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट ऑइलमुळे इंजिन जास्त ताकद मागतं. उत्पन्न घटलं, खर्च वाढला. बॅटरी उतरलेली असेल तर आणखी वाईट, कारण तिच्यातलं आम्ल पाण्यासारखं पातळ होतं आणि उणे १० च्या आसपासच गोठायला लागतं. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही. गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावू नका, ती फुटू शकते.

आता पेट्रोल. द्रवरूप पेट्रोल पेटत नाही, पेटते त्याची वाफ. कडाक्याच्या थंडीत त्यातला फक्त हलका भाग वाफ होऊन उठतो. चोक ओढल्यावर हवा कमी होते, पेट्रोल जास्त जातं, आणि त्या जादा पेट्रोलातून कशीबशी पुरेशी वाफ मिळते. थंड प्रदेशांत हिवाळ्यासाठी जास्त हलके घटक मिसळलेलं वेगळं पेट्रोल मिळतं. म्हणून उन्हाळ्यातला शिल्लक कॅन हिवाळ्यात दगा देतो.

(स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारा प्लग, काढून उजेडात धरलेला. टोकावर पांढरा थर.)

आणि ही गंमत बघा. इंजिन दोनदा भुकभुकतं, मग थंड पडतं, आणि नंतर कितीही दोरी ओढा, हूं की चूं नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन तापण्याआधीच बंद पडलं, तर ती वाफ प्लगच्या दोन टोकांमध्ये दंव होऊन बसते आणि ठिणगीची फटच बुजते. दोरी ओढून खांदा भरून येतो, दोष मात्र राईएवढ्या बर्फाचा. प्लग काढायचा, गरम करायचा, कोरडा करून परत बसवायचा. जादा प्लग कोटाच्या आतल्या खिशात असला, तर तो आधीच उबदार असतो.

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नाही. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती ५०० अंशांच्या वर तापावी आणि डिझेल आपोआप पेटावं. पण सिलिंडरची भिंतच उणे ३० ला असेल, तर ती उष्णता भिंत पिऊन टाकते. सेल्फ हळू फिरला की हवा रिंगांच्या फटींतून निसटते, ते वेगळंच. त्यात डिझेलमधलं मेण. थंडीत डिझेल आधी ढगाळ होतं, मग मेण फिल्टरवर साचतं. म्हणून कधी ट्रॅक्टर चालू होतो, दोन मिनिटं चालतो आणि उपाशी मरतो. मेण रोखणारं औषध डिझेल ढगाळ होण्याआधी घालायचं असतं. साचलेलं मेण ते विरघळवत नाही.

(जुन्या यंत्रांची छायाचित्रं.)

जुन्या लोकांनी यावर उष्णतेनंच मात केली. १९२१ साली आलेल्या जर्मन लांझ बुलडॉग ट्रॅक्टरच्या डोक्याखाली आधी दिव्याची ज्योत धरायचे, मग स्टिअरिंगच काढून बाजूला खोचायचे आणि त्यानं इंजिन फिरवायचे. १९३१ च्या कॅटरपिलर डिझेलवर मोठं इंजिन फिरवायला एक छोटं पेट्रोल इंजिन होतं. पुढच्या मॉडेलांत छोट्याचं गरम पाणी मोठ्याच्या अंगातही फिरायचं. बर्फाळ प्रदेशात विमानं उडवणारे तर रात्री ऑइल काढून घेत आणि सकाळी तापवून परत ओतत.

आज ब्लॉक हीटर हेच काम करतो. इंजिनाभोवती पाणी फिरतं त्या जॅकेटमध्ये बसवलेला छोटा विजेचा हीटर. दोनचार तास पुरतात, रात्रभर लावणं म्हणजे वीज वाया. एअरकूल्ड, म्हणजे हवेनं थंड होणाऱ्या जनरेटरला पाणीच नसतं, तिथे ऑइलच्या टाकीखाली चिकटवायचा हीटिंग पॅड. वाऱ्यानं यंत्र हवेपेक्षा थंड होत नाही, पण हीटरनं दिलेली ऊब वारा पळवतो. म्हणून वर जाड गोधडी टाकावी, आणि इंजिन चालू करण्याआधी आठवणीनं काढावी.

थंड इंजिन पेटवायला मारतात त्या इथरच्या स्प्रेबद्दल एकच सांगतो. तो २०० अंशांच्या आतच पेटतो. डिझेल इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लग तापलेले असताना मारला, तर भडका मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीतच उडतो. माझ्या मते तो डबा शेडमध्ये नसलेलाच बरा.

(इंजिन धडधडतं. धूर दाराबाहेर जातो.)

चालू झालं. दार पूर्ण उघडा. बंद शेडमधला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही येत नाही. चोक हळूहळू सोडा, रेस देऊ नका. वरच्या भागांपर्यंत ऑइल अजून पोचलेलं नाही. जनरेटरच्या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीवरही नजर असू द्या. ती बर्फानं बुजली, तर आतला दाब ऑइल सील बाहेर ढकलतो.

(संध्याकाळ. टाकी काठोकाठ भरली जाते. आता आत ओलावा साचायला रिकामी जागा नाही. बॅटरीची टर्मिनल्स सुटतात. दोन हातमोजे बॅटरी उचलून घराकडे निघतात.)