मॉरिस मायनर: जीव लावणारी गाडी आणि तिची जुनाट दुखणी

नमस्कार मंडळी. आधी ही बॉनेटवरची पट्टी बघा. कॅमेरा जरा खाली घेते. दोन्ही बाजूंनी बॉनेट कसं गोल उतरत आलंय, आणि मधोमध मात्र नाकापासून काचेपर्यंत ही एक सपाट, किंचित उचललेली पट्टी. सोबत टेप आणलीय, थांबा. चार इंच, म्हणजे दहा सेंटीमीटर. ही नक्षी नाही हं. गाडी कापून रुंद केली, त्याचा हा पुरावा आहे.

ही माझी मॉरिस मायनर, 1966 सालची, चार दारांची. इंग्लंडमध्ये राहायला आल्यापासून ज्या गोष्टींनी जीव लावला, त्यांत हिचा नंबर फार वरचा. आज मी हिचं कौतुक करणार आहे आणि हिच्या तक्रारीही सांगणार आहे. मायनरवरचे बहुतेक व्हिडिओ गोड गोड बोलून संपतात. त्या भरात कुणी गाडी घेतली आणि पुढचं चाक निखळलं, तर त्या कौतुकाचा काय उपयोग?

तर ही पट्टी. ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यात ॲलेक इसिगोनिस नावाचे इंजिनियर होते. जन्म 1906, स्मिर्ना शहरातला, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर. पुढे 1959 मध्ये ज्यांनी मिनी केली, तेच हे. दुसरं महायुद्ध चालू असतानाच त्यांनी एका छोट्या गाडीचं काम सुरू केलं होतं. तिचं कारखान्यातलं नाव मॉस्किटो. गाडी जवळजवळ तयार झाली, पण इसिगोनिसना ती बघवेना. अरुंद वाटत होती. त्यांनी नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावली. दोन अर्धे भाग समोरासमोर ठेवले आणि हळूहळू लांब सरकवत नेले. नजरेला पटलं तिथे थांबले. अंतर भरलं चार इंच.

गंमत अशी की तोवर बंपर बनून आले होते. ते टाकून कसे देणार? मग बंपरही मधोमध कापले आणि मध्ये चार इंचांची पट्टी जोडली. अगदी सुरुवातीच्या मायनरचा फोटो मिळाला तर बंपरच्या मध्यावर तो जोड शोधा, लगेच दिसेल. बॉनेटवरची पट्टी तर शेवटपर्यंत राहिली. चार इंच म्हणजे काही फार नाही. पण त्यामुळे आत खांद्याला खांदा घासत नाही, आणि वळणावर गाडी जी बसून राहते, त्यातही या रुंदीचा वाटा आहे.

ऑक्टोबर 1948 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. आणि कंपनीचे सर्वेसर्वा लॉर्ड नफिल्ड, म्हणजे खुद्द विल्यम मॉरिस, त्यांना ती मुळीच आवडली नव्हती. पोच्ड एग म्हणायचे तिला. त्यांना आपली जुनी मॉरिस एटच पुढे चालवायची होती. हे मी मुद्दाम सांगतेय. घरच्याच कर्त्या माणसाचं मन नसेल तर पुढे काय होतं, ते या गाडीच्या पोटात शिरलं की कळतं.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे.

स्टिअरिंग. 1948 च्या बहुतेक छोट्या गाड्यांचं स्टिअरिंग ढिलं असायचं. चाक फिरवलं की गाडी थोडा विचार करून वळायची. मायनरला पहिल्या दिवसापासून रॅक अँड पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक. हातातलं चक्र बोटभर हललं की गाडीचं नाक हललंच. पुढे स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या लांब पोलादी सळ्या. चाकं 14 इंची, त्या काळाच्या मानाने लहान, आणि इंजिन पुढे सरकवून बसवलेलं, त्यामुळे वजन नाकावर. इंग्लंडच्या खेड्यातल्या रस्त्यांवर, जिथे दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती असतात आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही, तिथे ही गाडी चालवून बघा. ती रस्ता सोडत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी आहे, हे हात विसरून जातात.

आणि दुरुस्तीला सोपी! बॉनेट उघडते. बघा किती जागा आहे. इसिगोनिसना इथे आडवं, सपाट चार सिलिंडरचं इंजिन बसवायचं होतं, त्या हिशोबाने रुंदी ठेवलेली. ते इंजिन काही आलं नाही. त्याऐवजी साधं उभं इंजिन आलं, त्यामुळे दोन्ही बाजूंना ही मोकळी जागा उरली. प्लग, डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर, सगळं हाताला येतं. हा एसयू कंपनीचा पेट्रोल पंप. किल्ली फिरवते, ऐका. टिक टिक टिक टिक. कार्बोरेटर भरला की थांबतो. थांबलाच नाही तर समजायचं, पेट्रोल कुठेतरी जातंय किंवा टाकीत नाहीच. मीटर बघण्याआधी कानाने कळतं.

तिसऱ्या गिअरमध्ये उतारावर पाय उचलला की सायलेन्सरमधून जो फुर्र्रर्र असा आवाज येतो, तो तर इथल्या माणसांना गाडी न बघताही ओळखता येतो. पेट्रोल पंपावर उभी असले की कुणीतरी वयस्क माणूस येतोच. कुणी म्हणतं, "माझी आई नर्स होती, हिच्यातूनच गावभर फिरायची." कुणी म्हणतं, "मी गाडी शिकले ती हिच्यावरच." पोलिसांकडे ही होती, फिकट निळ्या-पांढऱ्या रंगातली, पँडा कार म्हणायचे त्यांना. टपाल खात्याकडे हिची व्हॅन होती, आणि सुरुवातीच्या टपाल व्हॅनना पुढचे मडगार्ड चक्क रबराचे होते, ठोकर लागली तरी चेपू नयेत म्हणून. डिसेंबर 1960 मध्ये दहा लाखावी मायनर बाहेर पडली. एवढा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी. त्या आनंदात कंपनीने साधारण साडेतीनशे गाड्या जांभळट लायलॅक रंगात काढल्या, आणि बाजूच्या बिल्ल्यावर 'मायनर 1000' या नावातल्या 1000 च्या जागी 1000000 लावलं.

आता दुखणी.

पहिलं इंजिन. गाडी नवी, पण तिला इंजिन दिलं जुन्या मॉरिस एटचं, 918 सीसी, साइड व्हॉल्व्हचं, ताकद 27 अश्वशक्तीच्या जरा वर. 1952 मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र आल्या, तेव्हा ऑस्टिनचं 803 सीसीचं ए-सिरीज इंजिन बसवलं. नवं खरं, पण आकाराने आणखी लहान. चढ आला की दम निघायचा. 1956 मध्ये 948 सीसी आलं, समोरची दोन तुकड्यांची काच एकसंध झाली, आणि मायनर 1000 नावाने गाडी खऱ्या अर्थाने चालायला लागली. 1962 मध्ये 1098 सीसी. माझं हेच. म्हणजे गाडीची चाकं आणि स्टिअरिंग जे पेलू शकत होते, त्याच्या जवळपास जाणारं इंजिन मिळायला चौदा वर्षं लागली. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर न खरडता बसवणारी सोय, तर कधीच मिळाला नाही. गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकला तर खरडल्याचा आवाज येतो.

इथवरचं मी प्रेमाने सोसते. हे पुढचं नाही.

गाडी जॅकवर घेतलीय, चाक काढलंय. हा उभा जाड खांब दिसतोय, तो स्विव्हल पिन. स्टिअरिंग फिरवलं की चाक याच्याभोवती वळतं. खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आटे आहेत, आणि ते आटे या धातूच्या ठोकळ्यांत फिरतात. यांना ट्रनियन म्हणतात. म्हणजे पुढच्या बाजूचं सगळं वजन या आट्यांवर. बोल्ट जसा नटमध्ये फिरतो, तसं. ग्रीस असेल तोवर उत्तम. ग्रीस संपलं, पाणी शिरलं, की आटे झिजतात. वरून काहीच कळत नाही. आणि एके दिवशी पिन खालच्या ठोकळ्यातून सरळ उपसून बाहेर येतो, चाक मडगार्डखाली मुडपतं आणि गाडीचं नाक रस्त्यावर बसतं. बहुतेक वेळा हे गाडी लावताना घडतं, हळू वेगात, चक्र पूर्ण वळवलेलं असताना. तसं होतं ते नशीब.

हे निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड. वर एक, खाली एक, दोन्ही बाजूंना. हजारेक मैल झाले की ग्रीस गन लावायची, हा जुन्या मालकांचा नेम. मात्र गाडीचं वजन चाकावर असताना नाही. चाक हवेत लटकू द्या, मग भरा, म्हणजे ग्रीस आट्यांच्या भार सोसणाऱ्या बाजूला पोचतं. बघा, काळं जुनं ग्रीस बाहेर यायला लागलं. अजून. अजून. आता स्वच्छ तपकिरी आलं. तोवर थांबायचं नाही. नवे भाग मागवताना बाजू नीट सांगा, डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलट दिशेचे असतात.

मला राग याचाच येतो. हा दोष काही वर्षांनी उघड झालेलं गुपित नव्हता. मेकॅनिकांना ठाऊक होता, मालकांना ठाऊक होता. तेवीस वर्षं गाडी विकली, 16 लाखांच्या आसपास, आणि हे आटे बदलावेत असं कारखान्यात कुणी मनावर घेतलं नाही. गाडी खपत होती ना! आणि लक्ष मिनीकडे गेलं, मग 1100 नावाच्या नव्या गाडीकडे. 1971 मध्ये मायनरच्या जागी मरीना आणली, तेव्हा पुढचा सांगाडा मायनरवरूनच उचलला. वर बॉल जॉइंट दिला, पण खालचा ट्रनियन तसाच. नव्या गाडीलाही जुनं दुखणं आंदण दिलं.

ब्रेकचंही तसंच. ब्रेकचा मास्टर सिलिंडर कुठे असावा? ड्रायव्हरच्या पायाखाली, जमिनीच्या पत्र्याखाली, सांगाड्याच्या पोकळीत. तेल बघायला गालिचा उचलायचा आणि झाकण काढायचं. तो बदलायचा तर त्याचे बोल्ट टॉर्शन बारला अडतात, म्हणजे आधी तो बार सोडवा. तासाभराच्या कामाला दिवस जातो, आणि म्हणून लोक ते काम पुढे ढकलतात. ब्रेकचं काम पुढे ढकलावंसं वाटणं, हा मोठाच दोष.

गंज तर सगळ्याच जुन्या गाड्यांना. हिच्यात मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची बैठक, दारांखालचे सिल आणि मधला आडवा तुळईसारखा भाग बघा. जॅक लावायची जागा याच आडव्या भागात आहे. ती कुजलेली असेल तर जॅक वर जातो आणि गाडी खालीच राहते. ट्रॅव्हलर घेणार असाल, ती मागे लाकडी चौकट असलेली, तर ध्यानात ठेवा, ते ॲश लाकूड शोभेचं नाही. मागचं शरीर त्यावर उभं आहे. सांध्यांत नख रोवून बघा. मऊ लागलं, काळं पडलेलं दिसलं, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडू शकतो.

आणखी एक. ब्रिटनमध्ये 2018 पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. मला हे पटत नाही. जी गाडी एका न दिसणाऱ्या आट्यावर उभी आहे, तिलाच तपासणीतून सूट? मी दरवर्षी हौसेने पैसे भरून तपासून घेते. तुम्हीही घ्या.

मग मी ही विकत का नाही? कारण हिचं प्रत्येक दुखणं मला दिसतं आणि बहुतेक माझ्या हाताने बरं होतं. बाथ शहरात चार्ल्स वेअर यांनी सत्तरच्या दशकात फक्त मायनरचं केंद्र काढलं, तेव्हापासून त्यांचं सांगणं हेच होतं की दर काही वर्षांनी नवी गाडी घेण्यापेक्षा एक टिकाऊ गाडी नीट सांभाळणं स्वस्त पडतं. आज ब्रेकला डिस्क बसवता येते, इलेक्ट्रॉनिक इग्निशन मिळतं, जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. कारखान्याने न केलेलं काम मालकांनी केलं.

शेवटी आपल्याकडचा धागा. हिंदुस्थान मोटर्सने पन्नासच्या दशकात हीच मायनर बेबी हिंदुस्थान नावाने विकली. आणि ॲम्बेसेडर आठवतेय ना? ती मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, त्याच काउलीच्या घराण्यातली. पुढचे टॉर्शन बार आणि रॅक अँड पिनियन तिलाही होते. आजोबांची ॲम्बेसेडर चालवलेला माणूस हिच्या चक्रावर बसला की ओळख पटते.

बेबी हिंदुस्थान मात्र आता फार क्वचित दिसते. तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये अशी गाडी असेल, पुण्यात, नागपुरात, पणजीत, कुठेही, तर फोटो मला जरूर पाठवा, आणि ती कुणी चालवली तेही लिहा. नंबर प्लेट झाकून पाठवलात तरी चालेल. बॉनेट दिसायला हवं. पुढच्या भागात हाच उजवा ट्रनियन पूर्ण उघडून नवा बसवणार आहे, पहिल्या बोल्टपासून.