अंगोलाचं शेत

हे शेत बघा. भर उन्हात माणसं ओळीने वाकून हाताने भेंडी तोडतायत, बहुतेक सगळी काळी, आणि बांधावर घोड्यावर गार्ड, हातात बंदूक. दीडशे वर्षांपूर्वीचं वाटेल, पण हे आपल्याच काळातलं आहे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा हा तुरुंग, सगळे त्याला अंगोलाच म्हणतात, १८,००० एकर जमीन म्हणजे अख्ख्या मॅनहॅटनपेक्षा मोठी, आणि तीन बाजूंनी मिसिसिपी नदी.

अंगोला हे आफ्रिकेतल्या देशाचं नाव. इथे आधी गुलामांच्या जिवावर चालणारा मळा होता, ती माणसं तिकडून पकडून आणलेली म्हणून हे नाव पडलं असं सांगतात.

१८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, पण त्याच वाक्यात एक पाचर मारून ठेवली, गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर चालेल. झालं, दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच कायदे केले, काळ्या माणसाकडे काम नसेल तर तोच गुन्हा, धरा त्याला. आणि धरलेली माणसं सरकार भाड्याने द्यायचं. सॅम्युएल जेम्स नावाच्या ठेकेदाराने १८८० मध्ये हाच मळा घेतला आणि कैदी ठेवले कुठे, तर गुलामांच्याच जुन्या खोपटांत. गुलामात निदान मालकाचा पैसा अडकलेला असायचा, भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळायचा. हे सांगतानाही घसा दाटतो.

१९०१ ला राज्याने ताबा घेतला, शेती चालूच राहिली. आज लुइझियानात साधारण तिनात एक माणूस काळा, पण तुरुंगात तिनात दोन. शेतावरच्या कामाचे तासाला २ सेंट, काहींना तेही नाहीत.

आणि दोषी कसं ठरवायचे तेही ऐका. १८९८ मध्ये गोऱ्यांचं वर्चस्व टिकवायलाच राज्याची परिषद भरली होती, तिथे ठरलं की ज्युरीतल्या, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांतल्या, बाराही जणांचं एकमत नको, नऊ पुरे, पुढे ते दहा झाले. म्हणजे एकदोन काळी माणसं ज्युरीत बसली तरी त्यांच्या 'नाही'ला किंमतच नाही. हे १२० वर्षं चाललं! २०१८ मध्ये मतदारांनी ते बदललं, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवलं, आणि २०२१ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की जे निकाल आधीच पक्के झालेत त्यांना हे लागू नाही. त्यामुळे बारातल्या दोघांनी ज्यांना दोषी मानलंच नव्हतं, अशी माणसं अजून आत आहेत.