फुफ्फुस ओढलं जातं, मग स्वतःच आक्रसतं

[दृश्य : नागपूरचा फुटाळा तलाव, सकाळ. काठावर फुगेवाला.]

फुटाळ्याच्या काठावर फुगेवाला गाल फुगवून फुग्यात हवा ढकलतोय. त्याच्या स्वतःच्या छातीत मात्र हवा कुणीच ढकलत नाही. फुफ्फुसाभोवतीची जागा वाढते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा आत शिरते. शांत श्वासात हा फरक पाण्याच्या १ सेंटिमीटर उंचीइतकाच असतो. तेवढ्यावर सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यातली १५० मिलिलिटर श्वासनळ्यांमध्येच राहते, वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, पोचतच नाही.

जागा वाढवण्याचं बहुतेक काम श्वासपटलाचं. छाती आणि पोटाच्या मधला हा घुमटाकार स्नायू आकुंचन पावला की दीडएक सेंटिमीटर खाली उतरतो. खूप खोल श्वासात १० सेंटिमीटरपर्यंत. श्वास घेताना पोट पुढे येतं ते म्हणूनच. बरगड्याही हलतात. वरच्या बरगड्या हापशीच्या दांड्यासारख्या पुढून उचलल्या जातात, खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उठतात. दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवून श्वास घ्या, हात एकमेकांपासून दूर सरकतील.

[दृश्य : काचेच्या दोन पट्ट्या, मध्ये पाण्याचा थेंब.]

पण फुफ्फुस बरगड्यांना कुठेच शिवलेलं नाही. मग ते त्यांच्यामागे जातं कसं? या पट्ट्या पाहा. एकमेकींवर सहज घसरतात, पण सरळ ओढून वेगळ्या करायला गेलं की सुटत नाहीत. फुफ्फुसावरचं आवरण आणि छातीचं अस्तर यांच्यामध्येही असाच द्रवाचा पातळ थर असतो, जेमतेम काही चमचे.

आणि इथे सतत रस्सीखेच चालू असते. फुफ्फुस आत आक्रसू पाहतं, छातीचा पिंजरा बाहेर उघडू पाहतो. शांतपणे श्वास सोडून झाला की दोघांची ओढ बरोबरीची होते. त्या वेळीही फुफ्फुसात दोन-सव्वादोन लिटर हवा शिल्लक असते आणि मधल्या फटीतला दाब बाहेरच्यापेक्षा पाण्याच्या ५ सेंटिमीटरनी कमी असतो. या फटीला भोक पडलं तर हवा आत घुसते, पकड सुटते आणि फुफ्फुस मिटतं.

[दृश्य : खाटेखाली ठेवलेली बाटली, नळीतलं पाणी वर-खाली होताना.]

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या वॉर्डात अशा रुग्णाच्या खाटेखाली ही बाटली दिसते. छातीतून आलेल्या नळीचं टोक पाण्यात सुमारे २ सेंटिमीटर बुडालेलं असतं. हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, परत आत जाऊ शकत नाही. रुग्णाने श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढतं, सोडला की उतरतं. छातीतला दाब डोळ्यांना दिसावा तो असा. हे डोलणं थांबलं तर नळी दुमडली किंवा तुंबली असेल, नाहीतर फुफ्फुस पूर्ण उघडलं असेल. नातेवाइकांनी बाटली छातीच्या वर कधीही उचलू नये. त्यातलं पाणी छातीत उतरतं.

फुफ्फुसाला आक्रसण्याची ही ओढ येते कुठून? थोडी इलॅस्टिनच्या ताणल्या जाणाऱ्या तंतूंमधून. मोठा वाटा वेगळ्याच गोष्टीचा आहे. १९२९ मध्ये कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी हवेऐवजी द्रव भरून फुफ्फुस फुगवून पाहिलं, तर दाब कितीतरी कमी लागला. वायुकोशांच्या आतल्या ओलसर थराचा पृष्ठताणच त्यांना मिटवू पाहत होता.

फुग्याची पहिली फुंकर सर्वांत जड जाते, हे फुगेवाल्याला ठाऊक असतं. गोलाकार जितका लहान, तितका तो मिटण्याचा जोर जास्त. असंच चाललं असतं, तर लहान वायुकोश मोठ्यांमध्ये रिकामे झाले असते. ते थांबवतं सर्फॅक्टंट, म्हणजे त्या ओलसर थरावर पसरून पृष्ठताण कमी करणारं द्रव्य. वायुकोश आकसला की त्याचे रेणू दाटीवाटीने बसतात आणि ताण आणखी उतरवतात. गर्भात ते पुरेसं तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या फुंकरीइतका जड जाऊ शकतो. त्यामागे सर्फॅक्टंटची कमतरता आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं.

आता उलटी बाजू. शांतपणे श्वास सोडायला स्नायू लागत नाहीत. ताणलेलं फुफ्फुस आपणच आक्रसतं. वर्षानुवर्षं विडी ओढून किंवा चुलीचा धूर घेऊन वायुकोशांच्या भिंती झिजतात, तंतू तुटतात. याला एम्फिसीमा म्हणतात. असं फुफ्फुस भरतं सहज, रिकामं होत नाही. बारीक नळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघडं ठेवणारी ओढच गेलेली असते, म्हणून जोर लावून श्वास सोडला की त्या आतच मिटतात. हवा अडकते, श्वासपटल दाबून सपाट होतं आणि सपाट स्नायूला खाली उतरायला वावच उरत नाही. दम लागलेला माणूस गुडघ्यांवर हात रोवून बसतो, कारण हात स्थिर झाले की खांद्या-छातीचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात.

[दृश्य : मेणबत्ती. ओठांचा चंबू.]

अशा वेळी नाकाने श्वास घ्यायचा, दोन अंक मोजत. मग ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा, चार अंक मोजत. ओठांपाशी हवा अडली की नळ्यांमध्ये थोडा दाब टिकतो आणि त्या मिटत नाहीत. समोर मेणबत्ती धरून सराव करा : ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये.