तहान उन्हाची नव्हती

हे यावलकडचं एक गाव. मे महिना, बाहेर पंचेचाळीसचं ऊन, केळीची पानं पण पार वाळून लोंबतायत. ओसरीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला हा छोटा माठ बघा, यात डबीत इन्सुलिनची बाटली ठेवलीय, कारण लाइट गेली की फ्रीजचा काही भरवसा नसतो.

पोराला सातव्या वर्षी शुगर निघाली. तेव्हापासून रोज सुया, तरी माय कधी चुकली नाही. मग रात्री चार चार वेळा उठून तो म्हणायला लागला, माय पानी दे. मशीनवर शुगर बघावं तर १३०, म्हणजे ठीकच! घरचे म्हणायचे, खान्देशातलं ऊन आहे, तहान लागणारच. पण थंडीत पण तेच, आणि लघवी पाण्यासारखी.

अकराव्या वर्षी आजीजवळ मिरच्या निवडायला बसला की लाल हिरव्या एकत्र करायचा, आजी ओरडायची, लक्ष कुठंय तुझं? लक्ष होतं हो त्याचं, रंगच कळत नव्हते. चष्मा दोनदा बदलला, काही फरक नाही. शुगरमुळे होतं असं, म्हणून परत पाठवलं. इथेच वेळ जातो. शुगरने डोळ्याचा पडदा खराब व्हायला बरीच वर्षं लागतात, लहान वयात एवढी नजर जाणं फार क्वचित. शेवटी एका डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून नीट आत पाहिलं, तर पडदा ठीक होता, डोळ्यामागची नस पांढरी पडलेली, म्हणजे सुकलेली.

लहानपणची शुगर आणि सुकलेली नस, हे दोन्ही एकाच पोरात दिसलं की वुल्फ्रॅम सिंड्रोम या आजाराचा विचार करायलाच हवा. १९३८ साली अमेरिकेत वुल्फ्रॅम आणि वॅगनर या डॉक्टरांनी चार भावंडांमध्ये हे पाहून लिहून ठेवलं, जीन सापडला १९९८ मध्ये, डब्ल्यूएफएस-१. रक्ताच्या जीन टेस्टमध्ये त्यातला बिघाड कळतो. ती तहान वेगळ्याच डायबेटिसची असते, त्यात साखरेचा संबंध नाही, आणि त्याला डेस्मोप्रेसिन नावाचं औषध आहे. पुढे ऐकू पण कमी येऊ शकतं म्हणून कान तपासायचे. नस परत जिवंत करणारं औषध मात्र अजून नाही.

माय विचारते, माझंच काही चुकलं का? नाही हो ताई. आईबाप दोघांकडून त्या जीनची एकेक बिघडलेली प्रत आली की होतं हे, आणि दोघंही स्वतः साधारणपणे ठणठणीत असतात. प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता.

म्हणून आता धाकटीला पण तपासायला नेतायत, सकाळच्या एसटीने.