होडी काठाला लावताना

श्रोतेहो, नमस्कार. नदीकाठी राहणाऱ्या घरांत मुलांना होडी शिकवताना सगळा भर वल्ही मारण्यावर असतो. खरी गडबड होते ती चढता-उतरताना, काठाला लागताना आणि होडी बांधताना. म्हणून आज तेवढ्याचंच बोलू.

चढताना पाऊल होडीच्या मधोमध टाकायचं, कंबरेत वाकून, हात दोन्ही कडांवर. काठावरून उडी मारली की होडी मागे सरकते आणि माणूस मधल्या फटीत पडतो. वजन आधी मधल्या फळीवर घ्या. पुढे, म्हणजे नाळेकडे, दोघं बसले तर नाळ पाण्यात रुतते आणि होडी सरळ चालत नाही. सगळे मागे बसले तर नाळ वर उचलते आणि वारा तिला भरकटवतो.

लाइफ जॅकेट ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठ्या मापाचं घेऊ नका. पट्टे आवळल्यावर मुलाला जॅकेटच्या खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते पाण्यात अंगावरून निघून जाईल. मांड्यांमधून जाणारा पट्टा लावायचाच. जॅकेटवरचा न्यूटनचा, म्हणजे तरंगवण्याच्या जोराचा, आकडाही वाचा. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला फक्त आधार देतं. पोहता न येणाऱ्याला किमान १०० न्यूटनचं हवं.

आता काठाला लागण्याचं. नाळ नेहमी प्रवाहाच्या उलट दिशेला ठेवा. उतरायची जागा ओलांडून थोडं खाली जा, तिथे वळा आणि वल्ही मारत वर या. प्रवाहाइतक्याच जोराने वल्हवत राहिलं की होडी जागच्या जागी थांबते. मग नाळ किंचितच काठाकडे वळवायची, पुढचं काम पाणी करतं, ते होडीला अलगद काठाकडे सरकवतं. घाईने जास्त वळवलीत तर धार आडव्या अंगावर बसते. धारेचा वेग दुप्पट झाला की तिचा जोर चौपट होतो, त्यामुळे काल जमलेला कोन आज पाणी चढल्यावर जमेलच असं नाही. काठाशी आल्यावर आधी नाळेचा दोर बांधायचा. मागचा आधी बांधला तर नाळ फिरते, होडी आडवी होते आणि प्रवाह येतो त्या अंगाची कड पाण्याखाली जाते.

दोर आखूड बांधायची सवय फार वाईट. पाणी उतरलं की होडी दोरावर लटकून कलते, चढलं की नाळ खाली खेचली जाते. पाणी जितकं चढ-उतार करतं त्याच्या निदान तिप्पट लांबीचे दोर पुढे-मागे तिरके बांधा.

वाहत्या पाण्यात नांगर मागच्या बाजूने कधीही टाकू नका. तिथली कड बुटकी आणि सपाट असते, धार तिच्यावर आदळून आत येते. नांगर नाळेवरूनच टाकायचा आणि दोर खोलीच्या पाचपट ते सातपट सोडायचा, खोली नाळेच्या टोकापासून मोजून. पाणी ३ मीटर आणि नाळ अर्धा मीटर उंच असेल, तर निदान साडेसतरा मीटर. आखूड दोर नांगराला वर उचलतो आणि त्याचे दात गाळात बसत नाहीत. तळाच्या मुळांत नांगर अडकून होडी भरू लागली तर दोर कापावा लागतो, तेव्हा सुरी हाताशी हवी, डब्याच्या तळाशी नव्हे.

तळातलं पाणी वेळच्या वेळी उपसा. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद सपाट तळावर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे १५० लिटर, दीडशे किलोचं ओझं, तेही होडी कलेल त्या बाजूला धावणारं. उपसायचं भांडं दोरीने होडीलाच बांधून ठेवा.

पाणी वाचायच्या दोनच खुणा सांगतो. टोक खालच्या दिशेला असलेला पाण्याचा गुळगुळीत त्रिकोण बहुधा मोकळी वाट दाखवतो, वरच्या दिशेला टोक असेल तर तिथे खडक किंवा बुंधा आहे. आणि समोर नदीचं पाणी एका आडव्या रेषेत संपल्यासारखं दिसलं, तर तो बंधारा समजा. वरून तो निरुपद्रवी वाटतो, पण त्याच्या पायथ्याचं उलटं फिरणारं पाणी माणसाला परत आत ओढतं. रेषा दिसताच काठ गाठा आणि होडी खांद्यावरून न्या.

पाणी गढूळ झालं, फेस आणि काटक्या वाहू लागल्या, म्हणजे वरच्या भागात पाऊस झाला आहे. त्या दिवशी होडी काठावर ओढून घ्या. लाकडी असेल तर दोन ओंडक्यांवर उलटी ठेवा, जमिनीला टेकवू नका, खालून वारा लागला पाहिजे. साठलेल्या पावसाच्या पाण्याने लाकूड कुजतं.